सात मुलं, आठ मिनिटं: कल्पक प्रश्नसोडवणुकीच्या सांघिक स्पर्धेची तयारी, टप्प्याटप्प्याने

या स्पर्धांत संघ मागे पडतात ते ठरलेल्या ठिकाणी. प्रश्नपत्रक पूर्ण वाचायच्या आत पुठ्ठा कापायला सुरुवात होते. देखावा छान झाला नाही तर शाळेचं नाव जाईल या धास्तीने सर किंवा पालक हातात ब्रश घेतात. आणि बंद खोलीत अचानक येणाऱ्या प्रश्नाची तयारी शेवटच्या आठवड्यावर ढकलली जाते. हा लेख सांगली-सातारा भागातल्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी आहे. काय करायचं यापेक्षा कशानंतर काय करायचं, यावर त्यात भर दिला आहे.

चौकट 'ओडिसी ऑफ द माइंड' या अमेरिकेत सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धेची धरली आहे. 'डेस्टिनेशन इमॅजिनेशन' या तशाच दुसऱ्या स्पर्धेचीही जवळपास अशीच आहे, गुणांची वाटणी मात्र वेगळी. शाळेत किंवा तालुक्याला याच धर्तीची स्पर्धा घ्यायची असेल तर हीच रचना उचलता येते. तुम्ही ज्या स्पर्धेत उतरणार तिचं त्या वर्षीचं नियमपत्रक शेवटचं. इथलं एखादं माप आणि तिथलं माप जुळलं नाही, तर तिथलं धरा.

## आधी गुण समजून घ्या

संघात जास्तीत जास्त ७ मुलं. एक मोठा प्रश्न महिनोन्‌महिने सोडवायचा आणि स्पर्धेच्या दिवशी ८ मिनिटांत सादर करायचा. त्याला २०० गुण. सादरीकरणाच्या ढंगाला, म्हणजे स्टाइलला, ५०. आणि आयत्या वेळी खोलीत मिळणाऱ्या प्रश्नाला, म्हणजे स्पॉन्टेनिअसला, १००.

हे गुण थेट मिळत नाहीत. गटातल्या सर्वोत्तम संघाला त्या भागाचे पूर्ण गुण मिळतात, बाकीच्यांना त्या प्रमाणात. समजा, मोठ्या प्रश्नात पहिल्या संघाचे कच्चे गुण १२० आणि तुमचे ९६. मग त्यांना २०० आणि तुम्हाला १६०. स्पॉन्टेनिअसमध्ये पहिल्याचे ६० आणि तुमचे ३० असतील, तर तुम्हाला १०० पैकी ५०. म्हणजे एका छोट्या खोलीतल्या काही मिनिटांत ५० गुण जातात आणि तेवढे देखाव्यातून भरून निघणं जवळजवळ अशक्य. तरीही बहुतेक संघ सगळा वेळ देखाव्यावर घालवतात. वेळापत्रक आखताना हा हिशेब समोर ठेवा.

## टप्पा १: संघ निवडा, तारखा उलट्या मोजा

पहिल्या बाकावरची सात मुलं उचलू नका. मोडलेला पंखा उघडून बघणारं एक, बडबडं एक, हिशेब चोख ठेवणारं एक, गप्प राहून सुबक काम करणारं एक, अशी मोट बांधा. वयाची अट मात्र काटेकोर बघा. गट ठरतो संघातल्या सर्वांत मोठ्या मुलावरून. सहा मुलं सहावीतली आणि 'जरा आधार होईल' म्हणून घेतलेला एक नववीतला असेल, तर सगळा संघ वरच्या गटात जातो.

तारखा स्पर्धेच्या दिवसापासून मागे मोजा. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात स्पर्धा असेल तर १४ आठवडे मागे म्हणजे ऑक्टोबरचा शेवट. मध्ये दिवाळीची सुट्टी आहे, डिसेंबरात स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा आणि सहल आहे, शिष्यवृत्तीला बसलेल्या मुलांचे जादा तास आहेत. हे सगळं कॅलेंडरवर आधीच लाल पेनाने खोडा. १४ पैकी हाताशी ९ किंवा १० आठवडेच उरतात. त्यांची ढोबळ वाटणी अशी:

- पहिले २ आठवडे फक्त वाचन आणि नियम
- पुढचे २ कल्पना आणि कच्चे नमुने
- नंतरचे ३ किंवा ४ बांधणी, त्याच्याच उत्तरार्धात संहिता
- शेवटचे २ पूर्ण तालमी आणि बांधाबांध

स्पॉन्टेनिअस या वाटणीत नाही, कारण ते पहिल्या भेटीपासून प्रत्येक भेटीत असतं.

तपासा: प्रत्येक पालकाने तारखा पाहून होकार दिला का? जत किंवा कोरेगावकडच्या गावातून एसटीने येणाऱ्या मुलाची शेवटची गाडी किती वाजता आहे? भेटीची वेळ त्या गाडीवरून ठरवा. नाहीतर ते मूल प्रत्येक भेटीत शेवटची वीस मिनिटं चुकवणार आणि नेमके निर्णय त्याच वेळात होणार.

## टप्पा २: प्रश्न तीनदा वाचा, कात्रीला हात लावू नका

पहिलं वाचन मोठ्याने, एका बैठकीत, सगळ्यांनी. प्रश्न इंग्रजीत असेल तर मुलांनीच मराठीत सांगायचा. सरांनी भाषांतर करून दिलं की सरांचा अर्थ हाच प्रश्नाचा अर्थ होऊन बसतो.

दुसरं वाचन पेन्सिल घेऊन. तीन रंग पुरतात. 'असलंच पाहिजे' ते एका रंगात, 'चालणार नाही' ते दुसऱ्यात, 'याला गुण आहेत' ते तिसऱ्यात. जे कुठल्याच रंगात नाही तिथे संघ मोकळा आहे, आणि कल्पकतेला जागा तिथेच असते. मुलं हमखास उलटं करतात. प्रश्नात नसलेले नियम स्वतःवर लादून घेतात. 'गाडी' म्हटलं की चार चाकं धरतात, 'पात्र' म्हटलं की माणूस.

तिसरं वाचन गुणांच्या तक्त्यावरून. प्रत्येक गुणाच्या ओळीसमोर 'परीक्षकाला हे कुठल्या क्षणी दिसेल?' याचं उत्तर लिहा. उत्तर नसेल तर ते गुण हातचे गेले. इंजिनाचं काम पडद्यामागे चालतं आणि परीक्षकाला फक्त पडदा दिसतो, हा फार वेळा होणारा घोळ आहे.

शंका राहिली तर आयोजकांना लेखी विचारा आणि उत्तराची प्रत फाइलला लावा. 'बहुतेक चालेल' या अंदाजावर तीन आठवडे काम करणं महागात पडतं. प्रश्नाच्या मूळ हेतूला बगल देणाऱ्या पळवाटेलाही स्वतंत्र दंड आहे.

इशारा: गेल्या वर्षीचं पत्रक जवळ असेल तर ते कपाटात ठेवा. मापं आणि खर्चाची मर्यादा वर्षागणिक बदलते.

## टप्पा ३: बाहेरची मदत म्हणजे काय, हे मोठ्यांनी समजून घ्यावं

हा टप्पा मुद्दाम बांधणीच्या आधी ठेवला आहे. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात आणि त्या प्रेमापोटी होतात. संघाबाहेरच्या कोणीही, मग ते शिक्षक असोत, आई असो, मोठा भाऊ असो की मागच्या वर्षीचा सदस्य, कल्पना द्यायची नाही, वस्तू बनवायची नाही, रंगवायची नाही, वाक्य सुचवायचं नाही. तसं झालं तर स्पर्धेच्या वेळी फॉर्मवर ते नोंदवावं लागतं आणि गुण कापले जातात. लपवलं तर खोटेपणा मुलांच्या नावावर जमा होतो.

रोजच्या प्रसंगांत हे असं दिसतं.

मुलांना शिवणयंत्र चालवायचं आहे. आईने जुन्या फडक्यावर सरळ टीप कशी घालायची ते शिकवलं, तर चालतं. तीच टीप पोशाखावर घालून दिली, तर ती बाहेरची मदत. सुताराने करवत धरायला शिकवणं चालतं, फळी मापाने कापून देणं चालत नाही. दुकानात सगळ्यांसाठी तयार असलेली वस्तू विकत आणणं चालतं. कारागिराकडून खास संघासाठी घडवून आणणं ही मदतच. गाडी चालवणं, खाऊ आणणं, मुलांनी दिलेल्या यादीप्रमाणे सामान आणणं, धारदार अवजाराजवळ उभं राहणं, यात काही अडचण नाही. मात्र यादीत 'जाड पुठ्ठा' लिहिलेला असताना 'त्यापेक्षा फोमशीट घ्या, हलकं पडेल' असं दुकानातून फोन करून सांगितलं, तर तुम्ही कल्पना दिली.

'सर, हे टिकेल का?' असं मूल विचारतं तेव्हा 'टिकणार नाही, खाली आडवी पट्टी लाव' हे उत्तर नको. 'टिकतंय का ते कसं बघशील?' हे चालतं. आणि नंतर गप्प राहायचं. हे सगळ्यात अवघड काम आहे. खांब वाकडा दिसतोय, उद्या पडणार हे कळतंय, आणि तरी बोलायचं नाही.

तपासा: पहिल्या पालकसभेत हे नियम वाचून दाखवा आणि सह्या घ्या. घरी काम न्यायला बंदी घाला. सगळं सामान शाळेच्या एका खोलीत राहू द्या. घरी नेलेला मुखवटा दुसऱ्या दिवशी संशयास्पद सुबक होऊन येतो.

## टप्पा ४: कल्पना निवडणं

भिंतीवर कागद लावा. पंधरा मिनिटं कोणी कोणाची कल्पना खोडायची नाही, फक्त लिहायची. पहिल्या दहा कल्पना सगळ्याच संघांना सुचतात: रोबो, परग्रहवासी, टाइम मशीन. तिसऱ्या कागदापासून मजा येते. विषय शोधायला लांब जायची गरज नाही. मिरजेतल्या तंतुवाद्यांच्या कारखान्यातला वाळका भोपळा, हळदीचं सौदे बाजारातलं पोतं, कृष्णेच्या घाटावरची पुराची खूण, यातून निघालेलं पात्र परीक्षकाने आधी पाहिलेलं नसतं.

निवड मतदानाने करू नका. बडबड्या मुलाची कल्पना जिंकते. तीन कल्पना बाजूला काढा आणि प्रत्येकीला एक तास आणि फक्त रद्दी, सुतळी, चिकटपट्टी द्या. जी तासाभरात अर्धीमुर्धी उभी राहते आणि गुणांच्या तक्त्यातल्या जास्त ओळी भरते, ती घ्या.

## टप्पा ५: बांधणी

प्रश्न साधारण पाच प्रकारचे असतात: वाहन, यंत्र किंवा तंत्र, अभिजात विषय (साहित्य, कला अशांतला), वजन पेलणारी रचना, आणि नाट्य. वाहनाबद्दल थोडक्यात. चाकापेक्षा आस महत्त्वाची. ती चौकटीला काटकोनात नसेल तर गाडी एका बाजूला ओढते. चाचणी शहाबादी फरशीवर केली आणि स्पर्धा सतरंजीवर निघाली, तर अंतर निम्म्यावर येऊ शकतं. म्हणून तीन वेगळ्या जमिनींवर चालवून बघा.

बाल्सा या फार हलक्या लाकडाच्या, वजन पेलणाऱ्या रचनेत मात्र तपशील फार असतात, आणि इथे आकडे मदतीला येतात. पुढची माहिती आधी मोठ्यांसाठी आहे. ती मुलांपर्यंत न्यायची तर सुट्या पट्ट्यांवरचे प्रयोग म्हणून न्या. त्यांच्या रचनेकडे बोट दाखवून सांगितली, तर टप्पा ३ पुन्हा वाचा.

उदाहरणादाखल धरू: वजनमर्यादा १५ ग्रॅम, उंची ८ इंच म्हणजे सुमारे २०३ मिलिमीटर, पट्टी १/८ इंच चौरस, मधून २ इंचांचा सुरक्षा-खांब (वर रचलेली वजनं कलंडू न देणारा उभा दांडा) जाईल इतकी पोकळी. फक्त बाल्सा आणि गोंद.

५.१ पट्ट्या तोलून वेगळ्या करा. बाल्साची घनता फार बदलते. १/८ इंच चौरस, ३६ इंच लांब पट्टी एक ग्रॅमच्या आत भरते तशीच दोन ग्रॅमच्या वरही जाते. दिसायला दोन्ही सारख्या. स्वयंपाकघरातला काटा इथे कामाचा नाही, ०.०१ ग्रॅम दाखवणारा हवा. तो शाळेच्या प्रयोगशाळेत नसेल तर सराफाकडे असतो. सांगलीच्या सराफ कट्ट्यावर दुपारच्या निवांत वेळी विनंती केली तर कोणी नाही म्हणत नाही. तोल मात्र मुलांनी घ्यायचा. प्रत्येक पट्टीवर पेन्सिलीने वजन लिहा आणि तीन गठ्ठे करा: जड, मध्यम, हलक्या.

५.२ वजनाचं अंदाजपत्रक. जड पट्ट्या पायांना, हलक्या आडव्या-तिरक्या आधारांना. चार पाय, प्रत्येक पाय तीन पट्ट्या एकत्र चिकटवून केला, तर साधारण ५ ग्रॅम. बाजूची रुंदी ७० मिलिमीटर आणि दर ४० मिलिमीटरवर आडवी पट्टी धरली तर आडव्या आणि तिरक्या मिळून ६ ग्रॅमच्या आसपास. गोंद दीड ते दोन ग्रॅम. बेरीज १३ ग्रॅमला येते, आणि उरलेली जागा कुठे वापरायची हा निर्णय मुलांचा.

५.३ आधारांमधलं अंतर. सडपातळ पाय दाबाने चुरडत नाही, तो आधी वाकतो. दोन आधारांमधलं अंतर निम्मं केलं तर वाकायला लागणारं वजन सैद्धान्तिकदृष्ट्या चौपट होतं. म्हणून पाय जाड करत बसण्यापेक्षा आडव्या पट्ट्या जवळ घेणं बहुधा फायद्याचं. मुलांना हे एका सुट्या पट्टीवर बोटाने दाबून स्वतः शोधू द्या.

५.४ जोड. पट्टी बोथट ब्लेडने दाबली की टोक चुरडतं. नवं ब्लेड, हलके तीन-चार छेद, मग सपाट फळीवर लावलेल्या बारीक सँडपेपरवर एक-दोन घासे. दोन टोकांमध्ये फट दिसता कामा नये. फट गोंदाने भरली तर वजन वाढतं, ताकद वाढत नाही. पांढरा गोंद काडीच्या टोकाने लावा, सांडलेला लगेच पुसा आणि २४ तास हात लावू नका. झटपट चिकटणारा गोंद वेळ वाचवतो, पण वाकडं बसलं तर सुधारता येत नाही आणि बोटंही चिकटतात.

५.५ सरळपणा. आलेखकागदावर पारदर्शक प्लॅस्टिक पसरून त्यावर एकेक बाजू जोडा. चारही बाजू उभ्या केल्यावर रचना काचेवर ठेवा. एक पाय उचलला जात असेल तर सगळा भार तिघांवर येणार. काचेवर सँडपेपर चिकटवून वरची आणि खालची बाजू समांतर होईपर्यंत घासा. चांगल्या लाकडाची, चांगल्या गोंदाची रचना या एका गोष्टीपायी लवकर मोडते.

५.६ दमट हवा. बाल्सा हवेतलं पाणी शोषतं. लाकडातला ओलावा चार टक्क्यांनी वाढला तर १५ ग्रॅमच्या रचनेत सुमारे ०.६ ग्रॅम भर पडते. जतच्या कोरड्या दुपारी १४.८ भरलेली रचना साताऱ्याच्या धुकट सकाळी १५ च्या वर जाऊ शकते, आणि काट्यावर कोणी ऐकून घेत नाही. म्हणून लक्ष्य १४.२ ते १४.३ ठेवा. प्रवासात घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत न्या. उन्हात किंवा बल्बखाली भाजू नका, लाकूड ठिसूळ होतं.

५.७ मोडून बघा. एकच रचना जपून ठेवणारा संघ काही शिकत नाही. किमान तीन मोडायला हव्यात. व्यायामशाळेतल्या लोखंडी चकत्या वजनाला चालतात, पण आधी दोन्ही बाजूंना विटांचे भक्कम थर लावा. रचना मोडली तर वरची फळी एक-दोन इंचच खाली यावी. डोळ्यांवर गॉगल, पायांत बूट, फळीखाली हात नाही. मोठं माणूस शेजारी उभं. ही जागा सुरक्षिततेची आहे, इथे मदतीचा नियम आड येत नाही.

मोडलेल्या तुकड्यांकडे बघून कारण कळतं. पाय मधोमध वाकून तुटला: आधार लांब होते. जोड सुटला आणि लाकूड शाबूत: गोंद किंवा कापणी. टोक चुरडलं: तिथलं लाकूड मऊ होतं. सगळी रचना पिळली गेली: तिरके आधार कमी किंवा चौकोन काटकोनात नव्हता. तुकडे फेकू नका. कारण लिहून पिशवीत ठेवा.

तपासा: वजन ठेवणंही त्या ८ मिनिटांतच आहे. एका चकतीला १२ सेकंद लागली तर ४ मिनिटांत २० चकत्या. रचना जास्त पेलेल, पण ठेवणारे हात पुरेसे वेगवान नाहीत, असंही होतं.

## टप्पा ६: संहिता आणि स्टाइल

संहिता बांधणीच्या उत्तरार्धात लिहायची. आधी लिहिली की वस्तू संहितेला जुळवण्यात दमछाक होते. फार उशिरा लिहिली की वस्तू आणि गोष्ट एकमेकांना ओळखत नाहीत. ८ मिनिटांसाठी पावणेसात मिनिटांची संहिता करा. मंचावर सामान मांडण्याची वेळही त्याच ८ मिनिटांत धरतात. वेळ संपली की दंड तरी बसतो किंवा परीक्षक थांबवतात, आणि शेवटी राखून ठेवलेला सर्वांत भारी प्रसंग दिसतच नाही. गुणांचे प्रसंग पहिल्या सहा मिनिटांत उरका.

मुलं घरी जशी बोलतात तशी पात्रं बोलू द्या. 'काय लावलंय ह्यो गोंधळ' म्हणणारा राजा पाठ केलेल्या पुस्तकी वाक्यापेक्षा जास्त पोचतो. स्पर्धेची भाषा वेगळी असेल तर आधी विचारून घ्या.

स्टाइलच्या फॉर्मवर कोणत्या गोष्टींसाठी गुण हवेत ते संघाने स्वतः लिहायचं असतं. इथे दोन चुका होतात. एक म्हणजे मोठ्या प्रश्नात ज्याला गुण आहेतच तेच पुन्हा लिहिलं जातं. ते चालत नाही. दुसरी, मोघम लिहिणं. 'पोशाख' असं लिहिलं तर परीक्षक सात पोशाखांकडे एकेक सेकंद बघतो. 'हळदीच्या पोत्याचे धागे उसवून विणलेली राणीची ओढणी' लिहिलं तर तो नेमका तिथे थांबतो.

तपासा: संघाच्या नावाची पाटी नियमात सांगितलेल्या मजकुरासह तयार आहे का? ती विसरण्यालाही दंड आहे आणि ती विसरली जातेच.

## टप्पा ७: खर्चाचा फॉर्म

मंचावर वापरलेल्या वस्तूंची किंमत मर्यादेत हवी. घरात पडून होती म्हणून ती शून्य होत नाही. वापरलेल्या वस्तूची जुन्या बाजारातली किंमत धरतात. नियमपत्रकात सूट असलेल्या वस्तूंची यादी असते, ती बघा. सांगलीच्या टिंबर एरियात लाकडाचे तुकडे रद्दीच्या भावात मिळतात, पण तिथेही कागदावर भाव लिहून घ्या. हिशेब एकाच मुलाकडे, वहीत, त्याच दिवशी. जानेवारीत बसून ऑक्टोबरच्या पावत्या आठवणं म्हणजे अंदाज रचणं.

## टप्पा ८: स्पॉन्टेनिअस

तीन प्रकार असतात: तोंडी, हाताने करायचा, आणि दोन्हींचं मिश्रण. कोणता येणार हे आधी कळत नाही. खोलीत संघाशिवाय कोणी जात नाही. प्रत्येक भेटीची पहिली १५ मिनिटं यासाठी ठेवा. शेवटची ठेवलीत तर ती बांधणी खाऊन टाकते.

तोंडी प्रकारात विचाराला साधारण १ मिनिट आणि उत्तरांना २ ते ३ मिनिटं मिळतात. मुलं क्रमाने उत्तर देतात. आपली पाळी सोडता येत नाही. एक अडला की सगळा संघ अडला आणि घड्याळ चालूच. साधं उत्तर १ गुण, कल्पक उत्तर ३ किंवा ५. मग काय परवडतं? सुचलं तर कल्पक, नाही सुचलं तर तीन सेकंदांत साधं. वीस सेकंद छताकडे बघून दिलेलं कल्पक उत्तर सहा साध्या उत्तरांची जागा खातं.

सरावाला मराठीच उपयोगी पडते. 'काय काय फुटतं?' असं विचारा. माठ, काच, फुगा हे येणारच. मग पालवी, बिंग, वाचा, पेपर, घाम, तेराव्या वर्षी आवाज. 'काय काय बसतं?' 'काय काय उडतं?' असेच. दुसऱ्या भेटीत वस्तू द्या: सूप, चाळणी, सायकलची ट्यूब. 'हे काय काय असू शकेल?'

अडल्यावर सुटायला मुलांनी मनात कप्पे तयार ठेवावेत: स्वयंपाकघर, शेत, शरीर, आकाश, क्रिकेट, सण. एका कप्प्यात काही नाही की पुढचा.

हाताने करायच्या प्रकाराला २० आइस्क्रीमच्या काड्या, खराट्याचे १० हिर, ४ रबरबँड, २ वर्तमानपत्रं आणि अर्धा मीटर चिकटपट्टी एवढं सामान पुरतं. 'टेबलाच्या कडेपासून जास्तीत जास्त बाहेर जाणारा पूल', 'चेंडू पेलणारा सर्वांत उंच मनोरा', असे प्रश्न ६ ते ८ मिनिटांत. नेहमीची चूक म्हणजे सात जण एकाच वस्तूवर वाकतात. एकाने सूचना मोठ्याने पुन्हा वाचायची, एकाने वेळ बघायची, दोघांनी लहान नमुना करून बघायचा, बाकीच्यांनी जोडायचं. शेवटच्या मिनिटात नवं काही सुरू करायचं नाही. संघाने कसं मिळून काम केलं यालाही अनेकदा गुण असतात, त्यामुळे हातातून वस्तू हिसकावणं महाग पडतं.

इशारा: स्पर्धेतला प्रश्न बाहेर आल्यावर कोणालाही सांगायचा नाही, सरांनाही नाही आणि आईलाही नाही. दुसऱ्या संघाची पाळी बाकी असते.

## टप्पा ९: तालमी आणि बांधाबांध

पूर्ण तालीम म्हणजे सामान खोलीबाहेर ठेवून, घड्याळ लावून, मध्ये न थांबता. एकदा वीज बंद करून करा. एकदा एका मुलाला मुद्दाम बाहेर बसवा आणि सहा जणांत निभावून न्यायला सांगा. जानेवारीत घसे बसलेले असतात, ही वेळ खरंच येते.

ज्या दारातून सामान न्यायचं, ज्या गाडीतून न्यायचं, त्याची मापं बांधणीच्या आधीच घेतलेली बरी. सहा फुटी चौकट एसटीत जात नाही. ती मधून दुमडणारी हवी आणि बिजागऱ्या मुलांनीच बसवलेल्या हव्यात. प्रत्येक खोक्यावर आत काय आहे याची यादी आणि उघडायचा क्रमांक लिहा.

दुरुस्तीच्या पेटीत: गोंद, ब्लेड, सुतळी, सुई-दोरा, सेफ्टीपिना, रुंद चिकटपट्टी, भरलेल्या बॅटऱ्या, एक्स्टेंशन कॉर्ड, टॉर्च, पाण्याची बाटली. बाल्साची दुसरी रचनाही, तोललेली.

## टप्पा १०: स्पर्धेचा दिवस

१. वेळेआधी किमान एक तास पोचा. सांगलीहून साताऱ्याला निघत असाल तर महामार्गावरची कामं आणि कराडची गर्दी धरून निघा.

२. रचना किंवा वाहन मोजणीला आधी न्या. मोजणीत काही चुकलं तर दुरुस्तीला वेळ मिळतो, सादरीकरणाला पाच मिनिटं असताना मिळत नाही.

३. सगळे फॉर्म सांगितलेल्या प्रतींसह एका फाइलमध्ये. फाइल मुलाच्या हातात.

४. परीक्षकांशी मुलांनी बोलायचं. 'तयार आहात?' याचं उत्तर सरांनी दिलं की वातावरण तिथेच बिघडतं. सूत्रधार एक ठरवा, बदली एक ठरवा.

५. मांडणीच्या रेषेत एकदा पाऊल पडलं की मोठ्यांनी सामानाला हात लावायचा नाही, खोके उचलायलाही नाही, जोपर्यंत परीक्षक परवानगी देत नाहीत.

६. सादरीकरणानंतर परीक्षक प्रश्न विचारतात. 'हे कोणी केलं?' याला 'आम्ही' पुरत नाही. ज्याने केलं त्याने कसं केलं ते सांगावं. खरोखर मुलांनी केलेलं काम असेल तर ही दोन मिनिटं सगळ्यात सोपी जातात.

७. मंच रिकामा करून, झाडून द्या. पुढच्या संघाच्या चाकाखाली तुमचा बाल्साचा तुकडा येऊ नये.

८. कच्चे गुण मिळाले की ते तक्त्यातल्या ओळींशी पडताळा. शंका विचारायची मुदत नियमपत्रकात दिलेली असते आणि ती छोटी असते. फक्त नेमलेल्या मार्गदर्शकाने, नेमकी ओळ दाखवून विचारायचं. 'आमच्या मुलांनी फार मेहनत घेतली होती' हा मुद्दा तिथे मांडू नका. 'अमुक ओळीत शून्य दिसतंय, ते यंत्र तिसऱ्या मिनिटाला चाललं होतं' हा मांडा.